शर्यतीच्या मोटारसायकलसाठी चाके व टायरची निवड

स्वतः बांधलेल्या शर्यतीच्या मोटारसायकलवर किती व्यासाची, किती रुंद आणि कोणत्या धातूची चाके बसवायची आणि त्यांवर कोणते टायर चढवायचे, हे ठरवण्याची प्रक्रिया. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे निर्णय उत्पादकाने आधीच घेतलेले असतात आणि फ्रेम, सस्पेन्शन, गिअरिंग त्यांना जुळवलेले असते. वर्कशॉपमध्ये एकाचे इंजिन, दुसऱ्याची फ्रेम आणि तिसऱ्याचा फोर्क (पुढचे चाक धरणारी नळ्यांची जोडी) जोडून उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र सगळी जुळवाजुळव बांधणाऱ्यालाच करावी लागते. अशा वेळी पुष्कळ जण एखाद्या मोठ्या गाडीची देखणी चाके आधी मिळवतात आणि त्यांवर काय बसेल ते मागाहून शोधतात. हा क्रम उलटा आहे. स्पर्धेच्या नियमांत बसणारा आणि पूर्ण हंगामभर मिळत राहील असा टायर आधी ठरवावा, त्याला साजेशी रिम नंतर घ्यावी आणि मगच स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याची) रुंदी, चेनची रेषा व फ्रेमची उंची पक्की करावी.

व्यास

आज सपाट डांबरी ट्रॅकवरच्या शर्यतीत १७ इंच हा जवळजवळ एकमेव व्यवहार्य व्यास आहे. इथवर यायला बराच काळ लागला. जुन्या शर्यतीच्या गाड्या १८ इंची चाकांवर धावत. १९८० च्या दशकात गाडी चपळपणे वळावी म्हणून पुढे १६ इंची चाक लावण्याची लाट आली. १९८५ ची सुझुकी जीएसएक्स-आर ७५० दोन्हीकडे १८ इंची चाके घेऊन आली, तर डुकाटी ८५१ च्या पहिल्या रस्त्यावरच्या आवृत्तीत दोन्हीकडे १६ इंची होती आणि पुढे तीही १७ वर आली. दशक संपता संपता बहुतेक उत्पादक १७ इंचांवर स्थिरावले.

अव्वल स्पर्धांत मात्र साडेसोळा इंची चाके बराच काळ टिकली. जागतिक सुपरबाइक स्पर्धेने २०१३ मध्ये १७ इंच स्वीकारले. मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकलींच्या सर्वोच्च जागतिक शर्यतमालिकेत, हा बदल २०१६ मध्ये झाला, जेव्हा ब्रिजस्टोनच्या जागी मिशेलिन टायर पुरवू लागली. हा इतिहास बांधणाऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेला आहे. जुन्या संघांची साडेसोळा इंची मॅग्नेशियम चाके सेकंडहँड बाजारात स्वस्तात दिसतात. ती स्वस्त आहेत, कारण त्यांच्यासाठी नवे टायर मिळणे दुरापास्त झाले आहे. १८ इंची चाकांची गोष्ट वेगळी. जुन्या गाड्यांच्या शर्यतींसाठी त्या मापाचे क्रॉसप्लाय (आतले धागे एकमेकांना तिरपे छेदणारे, जुन्या बांधणीचे) टायर अजून बनतात, त्यामुळे त्या गटात उतरणाऱ्याने १८ इंच सोडण्याचे कारण नाही.

टायरवरचे आकडे

१८०/५५ झेडआर १७ या मापात १८० ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, झेड हे वेगक्षमतेचे चिन्ह, आर म्हणजे रेडियल बांधणी (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे) आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. त्यावरून टायरचा पूर्ण व्यास काढता येतो : १८० चे ५५ टक्के म्हणजे ९९ मिमी, त्याची दुप्पट १९८, अधिक रिमचे ४३१.८, एकूण ६२९.८ मिमी. हा हिशेब टायर विकत घेण्याआधी कागदावर करावाच. काही स्लिक (नक्षी नसलेल्या) टायरवर मात्र दुसरा आकडा प्रमाण दाखवत नाही, थेट पूर्ण व्यास दाखवतो. ब्रिजस्टोनचा २००/६५५ आर १७ म्हणजे २०० मिमी रुंद आणि ६५५ मिमी व्यासाचा. वर दिलेली रीत अशा टायरला लावली तर भलतेच उत्तर येते.

आपल्याकडच्या बांधणाऱ्यांना या हिशेबाची गरज कुठे पडते, ते एका उदाहरणावरून कळते. यामाहा आर१५ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मागे १४०/७०-१७ टायर येतो. ‘एक माप मोठा’ म्हणून त्या जागी १५०/६०-१७ चढवण्याची पद्धत सर्रास आहे. रुंदी १० मिमी वाढते हे खरे, पण भिंतीची उंची ९८ वरून ९० मिमीवर येते. टायरचा व्यास ६२७.८ वरून ६११.८ मिमी होतो आणि गाडीची मागची बाजू ८ मिमी खाली बसते. त्यामुळे फोर्कचा कोन सुमारे एक तृतीयांश अंशाने पसरतो, ट्रेल (हँडल वळण्याच्या अक्षाची रेषा जमिनीला भेटते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) दीड-दोन मिमीने वाढते आणि वळणात शिरताना गाडी जड वाटू लागते. शिवाय घेर अडीच टक्क्यांनी घटल्यामुळे गिअरिंग आखूड होते. मागचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) चाळीस दात्यांचे असेल तर एक दाता वाढवल्याइतका हा फरक आहे. मोठा टायर म्हणून बसवलेला टायर व्यासाने लहान निघतो. मोठ्या गाड्यांत १८०/५५ च्या जागी १९०/५५ घेतला तर नेमके उलटे घडते : मागची बाजू साडेपाच मिमीने उचलली जाते आणि गाडी वळणात अधिक तत्परतेने झुकते. शर्यतीत हा बदल पुष्कळ जण मुद्दाम करतात. यांतला कोणताही बदल निषिद्ध नाही, पण फोर्क त्याला धरणाऱ्या क्लॅम्पमधून किती वर-खाली सरकवायचा, मागची उंची किती बदलायची आणि स्प्रॉकेट कोणते लावायचे, हे त्याच बैठकीत ठरवायला हवे.

रुंदीचा मोह

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, ही समजूत अर्धीच खरी आहे. गाडी झुकते तेव्हा टायरचा जमिनीला टेकणारा भाग मध्यरेषेवरून झुकण्याच्या बाजूला सरकतो. टायर जितका रुंद, तितका हा सरकाव जास्त. त्यामुळे तेच वळण त्याच वेगाने घ्यायला रुंद टायरवरच्या गाडीला अधिक झुकावे लागते. गुरुत्वमध्य ६०० मिमी उंचीवर धरला आणि टायरची रुंदी न धरता कागदावरच्या गणिताने ४५ अंश पुरेसे असतील, तर ७० मिमी त्रिज्येच्या गोलाईचा टायर प्रत्यक्षात ५० अंशांच्या थोडे वर नेतो आणि ९० मिमी त्रिज्येचा ५२ अंशांपर्यंत. हे पावणेदोन अंश फुकट जातात. मोठ्या इंजिनाच्या गाडीला वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडल्यावर लागणारी ताकद पेलायला ते रबर हवेच असते. लहान इंजिनाच्या गाडीला त्या बदल्यात काहीच मिळत नाही. उलट रुंद टायर जड असतो, त्याला गरम व्हायला वेळ लागतो आणि तो कधीच पुरेसा गरम झाला नाही तर पकड कमीच राहते. मोटो३ या लहान इंजिनांच्या जागतिक गटात रिमची रुंदी पुढे अडीच आणि मागे साडेतीन इंच असते आणि त्या गाड्या वळणात विलक्षण वेगाने शिरतात. दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीवर १६० किंवा १८० चा टायर लावणाऱ्याने ते माप डोळ्यांसमोर ठेवावे.

रिम आणि टायरचे नाते

प्रत्येक टायरसाठी उत्पादक रिमच्या रुंदीची मर्यादा ठरवून देतो. १२०/७० ला साडेतीन इंच, १८०/५५ ला साडेपाच, १९०/५५ ला सहा, ११०/७० ला तीन इंच ही रूढ जोडी आहे. ही रुंदी रिमच्या आतल्या बाजूला, टायरची कड जिथे टेकते तिथे, दोन उभ्या भिंतींच्या मध्ये मोजायची असते. बाहेरून टेप लावून मोजली की माप फुगते आणि सगळा हिशेब चुकतो. बहुतेक रिमवर हे माप ओतलेले किंवा कोरलेले असते, एमटी ३.५० × १७ असे ते दिसते.

अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर दोन्ही कडा आत ओढल्या जातात, माथा उंच व टोकदार होतो आणि गाडी पूर्ण झुकल्यावर टेकायला हवे ते रबर जमिनीपासून दूरच राहते. रुंद रिमवर अरुंद टायर चढवला तर माथा चपटा होतो आणि सरळ चालीतून झुकताना गाडी पायरी उतरल्यासारखी पडते. टायरची गोलाई हीच त्याची खरी रचना आहे आणि ती रिमच्या रुंदीवर अवलंबून असते.

धातू आणि वजन

चाकाचे वजन दोनदा मोजावे लागते. गाडीबरोबर पुढे जाताना एकदा आणि गरगर फिरताना पुन्हा. १७ इंची रिमच्या कडेवरचा एक किलो, गाडीचा वेग वाढवताना किंवा घटवताना, सुमारे दीड किलोसारखा वागतो. टायरच्या माथ्यावरचा जवळजवळ दोन किलोसारखा. त्याच्या जोडीला भिरभिरणाऱ्या चाकाचा झुकायला होणारा विरोध आणि सस्पेन्शनखालचे, म्हणजे स्प्रिंगने न पेललेले, वजन आहेच. म्हणून आसाजवळ, म्हणजे हबमध्ये वाचवलेल्या वजनापेक्षा कडेवर वाचवलेले वजन अधिक कामाचे. हलका टायर मिळत असेल तर तो हलक्या रिमपेक्षाही स्वस्तात जास्त फायदा देतो, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

रस्त्यावरच्या गाड्यांची चाके ओतीव ॲल्युमिनियमची असतात. शर्यतीसाठी पहिली सुधारणा म्हणजे फोर्ज्ड ॲल्युमिनियम : धातू दाबून घडवलेला असल्यामुळे तो अधिक दाट व चिवट असतो, भिंती पातळ ठेवता येतात आणि ठोकर बसली तर तो बहुधा वाकतो, तुटत नाही. मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.७४ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७. मोटोजीपीच्या गाड्या फोर्ज्ड मॅग्नेशियमच्या चाकांवर धावतात. तिथे कार्बनची चाके नियमात बसत नाहीत. मॅग्नेशियम ओलाव्याने लवकर गंजते, म्हणून त्यावरचा रंग किंवा लेप खरचटला की तो लगेच दुरुस्त करावा लागतो. जुनी ओतीव मॅग्नेशियमची चाके दिसायला सुंदर असली, तरी बेअरिंगच्या बैठकीपाशी आणि आऱ्यांच्या मुळाशी त्यांत केसासारखे तडे असू शकतात. रंग काढून, भेगांत शिरणारा रंगीत द्रव लावून तपासल्याशिवाय असे चाक ट्रॅकवर नेऊ नये. मिळणारी सूट कितीही मोठी असली तरी या तपासणीत सवलत नाही.

कार्बन तंतूंच्या चाकांचा इतिहास दोन टोकांचा आहे. १९८४ च्या हंगामात होंडाने आपल्या एनएसआर ५०० या शर्यतीच्या गाडीला अशी चाके लावली. दक्षिण आफ्रिकेतील क्यालामीला सरावाच्या वेळी होंडाचा स्वार फ्रेडी स्पेन्सर याच्या गाडीचे मागचे चाक कोसळले, त्याच्या पायांना इजा झाली आणि त्याला ती शर्यत सोडावी लागली. दुसरीकडे न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये जॉन ब्रिटन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी बांधलेल्या ब्रिटन व्ही१००० ची कार्बनची चाके त्यांच्याच वर्कशॉपमध्ये तयार झाली आणि त्या चाकांवर ती गाडी अमेरिकेतील डेटोनासारख्या वेगवान ट्रॅकवर जिंकली. घरी बांधलेल्या शर्यतीच्या गाडीचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण. आज कार्बनची चाके भरवशाची झाली आहेत, पण आतले नुकसान त्यांत बाहेरून दिसत नाही आणि कित्येक स्पर्धांत ती चालत नाहीत. त्याच पैशांत फोर्ज्ड ॲल्युमिनियमच्या दोन जोड्या येत असतील तर त्या घ्याव्यात. दुसऱ्या जोडीवर पावसाचे टायर, ब्रेकच्या डिस्क आणि स्प्रॉकेटसह तयार असतील, तर ऐन वेळी ढग आल्यावर फक्त चाके बदलायची. एकाच जोडीवर टायर उतरवत-चढवत बसणाऱ्याची शर्यत बऱ्याचदा पॅडॉकमध्येच (संघांच्या तळावरच) संपते.

बसवणी

दुसऱ्या गाडीचे चाक घेतले की आसाचा व्यास, बेअरिंग, डिस्कच्या बोल्टांचे वर्तुळ, डिस्क व कॅलिपर (डिस्क दाबणारा ब्रेकचा भाग) यांमधले अंतर आणि स्प्रॉकेटची रेषा या सगळ्यांची तजवीज करावी लागते. स्पेसर लेथवर करून घेताना चाकाची मध्यरेषा आधी निश्चित करावी आणि चेनची रेषा तिच्याशी जुळवावी; चेन सरळ यावी म्हणून चाक बाजूला सरकवणे चूक. दोन बेअरिंगच्या मधली नळी नेमक्या लांबीची हवी. ती जराशी आखूड असली तरी आस आवळताच बेअरिंगवर आडवा ताण येतो आणि ती तापून निकामी होतात. वेगात टायर फुगतो, क्रॉसप्लाय अधिक आणि रेडियल कमी. म्हणून स्विंगआर्म, चेन आणि मडगार्ड यांपासून मोकळी जागा सोडावी. ग्रांप्रीच्या (मोटोजीपी मालिकेच्या) नियमांत टायरभोवती १५ मिमी जागा लागते, घरच्या गाडीलाही तेच माप लावावे. तारांच्या चाकांत आऱ्यांच्या भोकांतून हवा जाते म्हणून सहसा ट्यूब घालावी लागते आणि ट्यूब म्हणजे वाढीव वजन व उष्णता.

रबर आणि हवा

स्लिक, नक्षी असलेले शर्यतीचे टायर आणि पावसाचे टायर हे तीन मुख्य प्रकार. स्लिकला तापमान लागते. टायर वॉर्मर (टायर तापवणारी विजेची आवरणे), स्टँड आणि वीज यांची सोय नसेल तर पहिल्या फेऱ्यांत ते घातक ठरतात. अशा संघाने नक्षीचे शर्यती टायर घेणे शहाणपणाचे. कंपाउंड (रबराचे मिश्रण) मऊ की कडक, हे डांबराचा खरखरीतपणा, त्याचे तापमान आणि शर्यतीची लांबी पाहून ठरते.

हवेचा दाब शर्यतीत गरम टायरवर, ट्रॅकवरून आत येताच मोजतात. थंड असताना किती भरली म्हणजे गरम झाल्यावर किती होते, याची नोंद प्रत्येक ट्रॅकसाठी वहीत ठेवावी आणि गेज शक्यतो बदलू नये, कारण दोन गेजमधला फरकच कधी कधी निर्णय फिरवतो. मोटोजीपीत पुढच्या टायरला किमान दाबाचा नियम आहे. २०२३ मध्ये तो १.८८ बार होता, २०२४ पासून १.८० बार. तिथल्या संघांना दाबातल्या इतक्या छोट्या फरकासाठी झगडावे लागते. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे तो कोणत्या आठवड्यात व वर्षी बनला ते सांगतात : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. शर्यतीचा टायर नक्षी घासण्याआधीच, वारंवार तापून-थंड होऊन कडक होतो. त्यामुळे ‘दोनच सेशन चाललेला’ म्हणून विकला जाणारा जुना स्लिक पारखताना हाताला लागणाऱ्या जाडीपेक्षा ही तारीख आणि रबराची लवचिकता पाहावी.

भारतात

भारतातील डांबरी ट्रॅकवरच्या शर्यती मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईत आणि कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होतात. ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये देशातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. महाराष्ट्रातून जाणाऱ्या स्पर्धकाला गाडी, सुटी चाके आणि टायर टेम्पोत घालून दक्षिण गाठावी लागते, त्यामुळे तिथे काय मिळणार नाही याचा विचार निघण्याआधीच करावा लागतो. सगळ्यांना एकच टायर ठरवून दिलेल्या गटात निवडीला जागा नसते. अशा गटात बांधणाऱ्याच्या हाती रिमचे वजन, बेअरिंगची मोकळीक, बॅलन्सिंग, चाकांची एका रेषेत जुळवणी आणि हवेचा दाब एवढेच उरते. चेन ॲडजस्टरवरच्या खुणांवर विसंबून न राहता दोन्ही चाकांच्या कडेने दोरा ताणून किंवा लेझर लावून रेषा पाहावी. जोडजमाव करून बांधलेल्या फ्रेममध्ये त्या खुणा आणि चाकाची खरी रेषा यांत काही मिलिमीटरचा फरक निघू शकतो.