माशी नव्हे, मासोळी

सपरीत बसून लांब दांडीच्या गळावर राखाडी पिसं बांधत होतो. तलावावरून परतणारे शेजारचे ढिवरकाका थांबले, वाकून पाहिलं. "काय बनवून राहिला रे? हे तं मासोळी दिसून राहिली. मंग डोळा कुठी हाये हिचा?" इंग्रजीत हिला 'फ्लाय' म्हणजे माशी म्हणतात, हे मी त्यांना आदल्याच दिवशी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. काकांनी दोन वाक्यांत नावातली चूक दाखवली आणि माझ्या कामातली उणीवही.

नाव जुनं आहे, म्हणून चिकटलं. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहिलंय: गळाला लाल लोकर गुंडाळायची, त्यावर कोंबड्याच्या मानेची दोन पिसं बांधायची. नदीवर भिरभिरणाऱ्या किड्याची ती नक्कल. पुढची कित्येक शतकं युरोपातला ट्राउटचा, म्हणजे थंड पाण्यातल्या एका शिकारी माशाचा, गळ बहुतेक किड्यांच्याच मागे होता. पण मोठा ट्राउट किड्यांवर पोट भरत नाही, तो लहान मासे गिळतो. आपली मरळ तेच करते, आणि हे तलावाकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. स्ट्रीमर म्हणजे त्या लहान माशाची नक्कल. लांब पिसं पाण्यात मागे वाहतात, दोरी ओढली की आक्रसतात, सोडली की फुलतात.

हा प्रकार रुजला अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात. तिथल्या थंड तळ्यांत स्मेल्ट नावाची बोटभर चंदेरी मासोळी असते. तिच्यावर ब्रूक ट्राउट जगतो आणि समुद्राकडे न जाता तळ्यातच राहणारा सामन (सॅल्मन) मासाही. (मुंबईत रावसाला 'इंडियन सामन' म्हणून विकतात, त्याचा इथे संबंध नाही.) तिकडे एक कथा सांगतात. एक वाटाड्या नावेत कोंबडीच्या पिसांच्या उशीवर बसला होता. त्यातलंच एक लांब पीस उपसून त्याने गळाला बांधलं, आणि मासे तुटून पडले. खरी असेल, नसेल. कोळ्यांच्या कथा सगळीकडे सारख्याच.

नोंद पक्की आहे ती १ जुलै १९२४ ची. अप्पर डॅम या ठिकाणी कॅरी स्टीव्हन्स राहायच्या. नवरा मासेमारीला येणाऱ्यांचा वाटाड्या, त्या स्वतः बायकांच्या पिसांच्या टोप्या बनवणाऱ्या. त्या दिवशी घरकाम अर्धवट टाकून त्यांनी राखाडी पिसांची एक स्मेल्ट बांधली, धरणाखालच्या पाण्यात टाकली आणि ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे तीन किलोंच्या वरचा ब्रूक ट्राउट काढला. 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं. मग घरी मागण्यांचा ओघ लागला. पुढे 'ग्रे घोस्ट' नावाने गाजलेला त्यांचा नमुना आजही स्ट्रीमरचा मानदंड मानतात.

माझ्या मते सगळी गंमत टोप्या बनवणाऱ्या हातांत आहे. कॅरीबाई शेगडा, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारी पकड, वापरतच नसत. गळ चिमटीत धरायचा आणि दुसऱ्या हाताने बांधायचं. पंखाची पिसं, त्यावर खांद्याचं चंदेरी फेझंट पक्ष्याचं पीस, त्यावर डोळा, हे सगळं त्या आधी एकमेकांना चिकटवून ठेवत आणि ती तयार बाजू गळावर बसवत. टोपीवर पिसांचा तुरा असाच तर चढतो. अंगाला नारिंगी रेशीम, त्यावर चपट्या चंदेरी जरीचे वेढे, पोटाला हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, मोरपिसाचे चार-पाच तंतू.

आणि डोळा? तो आपल्याकडचा. राखाडी रानकोंबडा, म्हणजे आपल्या मेळघाट-ताडोबात पहाटे आरवणारा, भारताबाहेर जंगलात सापडत नाही. नराच्या मानेवरच्या पिसाची दांडी टोकाशी चपटी होते आणि तिथे मेणाचा थेंब गोठल्यासारखा पांढरा-पिवळा ठिपका उमटतो. पाण्यात तो थेट माशाच्या डोळ्यासारखा चमकतो. व्हिक्टोरियाकाळात ब्रिटिश सामनसाठी बांधल्या जाणाऱ्या 'फ्लाय'नी या पिसाची चटक लावली. इथून रानकोंबड्यांच्या अख्ख्या माना बोटीने जात. टोप्यांसाठी पक्षी मारले जाण्याविरुद्ध ओरड वाढली तेव्हा सरकारने १९०२ मध्ये रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी घातली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटवला. आज तिकडचे बांधणारे पाळीव रानकोंबड्यांची पिसं महागात घेतात, नाहीतर प्लॅस्टिकचा डोळा चिकटवतात.

ट्राउटही इंग्रजांनीच इथे आणला. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडची अंडी काश्मीरात जगली, नंतर निलगिरीतही मासा रुळला. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की तो कासावीस होतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंश पाहणाऱ्या आमच्या भंडाऱ्यात त्याचं नाव कोण काढणार? माझ्या मासोळीचं गिऱ्हाईक मामा (माजी मालगुजारी) तलावातली मरळ.

म्हणून पिसं घरच्या कोंबड्याची. पाठीवरची, लांब आणि निमुळती. मानेची आखूड पडतात, हे तीन गळ वाया घालवल्यावर कळलं. दुसरी चूक धाग्याची. डोकं बांधताना वेढे गळाच्या नेढ्यावर चढले की दोरी ओवायला जागाच उरत नाही, म्हणून तांदळाच्या दाण्याएवढी दांडी आधीच मोकळी सोडायची. शेवटी बहिणीचं नेलपॉलिश. काळ्याचे दोन हात डोक्यावर, ते वाळल्यावर टाचणीच्या टोकाने पांढरा ठिपका, त्यात बारीक काळा.

पहिल्या मासोळीवर घाई केली, काळा ठिपका ओघळला. काकांनी तिचं नाव 'चकणी' ठेवलं. त्यानंतर डोळे नीट जमलेल्या पाच बांधल्या, पण मरळ आली ती चकणीवरच.