नाताळातील दिवाणखान्याची सजावट

नाताळातील दिवाणखान्याची सजावट : ख्रिस्तजयंतीच्या, म्हणजे २५ डिसेंबरच्या सणासाठी घरातील बैठकीची खोली झाड, गोठा (ख्रिस्तजन्माचा देखावा), तारे, मेणबत्त्या, हिरवा पाला आणि काचेचे किंवा कागदाचे दागिने यांनी सजवण्याची प्रथा. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात तिची सुरुवात होते आणि ६ जानेवारीच्या, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत ती बहुतेक ठिकाणी टिकते.

या सजावटीचे प्रकार हल्ली रंगांवरून ओळखले जातात : लाल-हिरवी, पांढरी-रुपेरी, सोनेरी. हे वर्गीकरण दुकानदाराच्या सोयीचे आहे. प्रथेचा इतिहास पाहिला, तर खोलीत शिरल्यावर नजर प्रथम कुठे जाते, हाच खरा फरक दिसतो. जर्मन घरात ती झाडाकडे जाते, इंग्रजी घरात शेकोटीच्या कट्ट्याकडे, स्वीडनमध्ये खिडकीकडे, तर इटली, पोर्तुगाल, गोवा आणि वसईत गोठ्याकडे. बाकीची सजावट त्या केंद्राभोवती जमत गेली.

झाडाची खोली. पश्चिम युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस २४ डिसेंबरला आदाम आणि हव्वा यांच्या कथेचे नाट्यप्रयोग होत. त्यात नंदनवनाचे झाड म्हणून सफरचंदे टांगलेला सूचिपर्णी वृक्ष उभा करत. नाताळच्या झाडाचा एक उगम इथे मानला जातो. स्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ च्या एका वृत्तांतात लोक नाताळात घरातील बैठकीच्या खोलीत फरचे झाड उभे करतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ बिस्किटे, सोनेरी वर्ख व मिठाई लावतात, असे स्पष्ट म्हटले आहे. ही खोली निवडण्यामागे साधे कारण होते : शेगडी तिथेच असे आणि कडाक्याच्या थंडीत सारे कुटुंब तिथेच जमे. एकोणिसाव्या शतकापर्यंत झाड ही मुख्यतः प्रॉटेस्टंट घराची खूण होती, तर कॅथलिक घरात गोठा असे. पुढे दोन्ही एकाच खोलीत नांदू लागले.

जर्मन रिवाजानुसार २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत मुलांना त्या खोलीत प्रवेश नसे. मोठी माणसे दार लावून झाड सजवत, मेणबत्त्या पेटवत, मग घंटी वाजे आणि दार उघडे. आज झाड महिनाभर आधीच उभे राहते, त्यामुळे तो क्षण पुष्कळ घरांतून गेला आहे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी हा रिवाज पुन्हा सुरू करावा, इतका तो सुंदर आहे.

झाडावरचे काचेचे गोळे थुरिंगिया प्रदेशातील लाउशा या गावाची देणगी. तिथे १५९७ पासून काचभट्टी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गावकरी घराघरांतून असे दागिने फुंकू लागले. काचेची नळी ज्योतीवर तापवून कारागीर तोंडाने फुंकतो. फळ, पक्षी किंवा देवदूत हवा असेल तर मऊ झालेला फुगा साच्यात धरून फुंकतो. गार झाल्यावर आत चांदीचे द्रावण ओतून तो दागिना हलवत राहतात, म्हणजे चांदी आतल्या बाजूला आरशासारखी बसते. मग बाहेरून रंग, त्यावर कुंचल्याची बारीक नक्षी, आणि शेवटी नळीचे शेपूट तोडून धातूची टोपी बसवायची. चमक काचेच्या आतून येते, म्हणून वरचा रंग जुना झाला तरी असा गोळा निस्तेज दिसत नाही. प्लॅस्टिकच्या गोळ्याला हा सखोलपणा येत नाही. १८६७ मध्ये गावात गॅस आला, ज्योत हवी तशी कमी-जास्त करता येऊ लागली आणि काच अधिक पातळ फुंकता आली. अमेरिकी व्यापारी फ्रँक वूलवर्थ याने १८८० च्या दशकात हे दागिने आपल्या दुकानांत आणले आणि ते अमेरिकेभर पोहोचले.

जर्मन भूमीतून आणखी तीन वस्तू जगाच्या दिवाणखान्यात गेल्या. हॅम्बुर्गजवळ निराधार मुलांसाठी आश्रम चालवणारे पाद्री योहान हिन्‍रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारसाठी मोठ्या चार आणि इतर दिवसांसाठी लहान, म्हणजे नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना मोजता यावे. आजचे चार मेणबत्त्यांचे आगमनचक्र त्यातून आले. सॅक्सनीतील एर्त्सगेबिर्ग हा खाणींचा डोंगराळ मुलुख. तिथली लाकडी कामे, म्हणजे मेणबत्त्यांची कमान, ज्योतीच्या उष्णतेने फिरणारा मनोरा आणि तोंडातून धूर सोडणारा बाहुला, ही खाणकामगारांच्या वस्तीतून आली. खाली अंधारात दिवस काढणाऱ्यांनी घरी उजेडाचाच उत्सव मांडला, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. तिसरी वस्तू म्हणजे सॅक्सनीतील हेर्नहूट या गावाच्या नावाचा कागदी तारा. मोराव्हियन ख्रिस्ती पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमिती शिकवता शिकवता तो घडला. त्याला १७ चौकोनी आणि ८ त्रिकोणी बुडाची, अशी एकूण २५ टोके असतात. सव्विसावी जागा दिवा आत सोडण्यासाठी मोकळी ठेवलेली असते.

शेकोटीची खोली. इंग्लंडमध्ये झाडाच्या कितीतरी आधी हॉली, आयव्ही आणि मिसलटो या हिवाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या वनस्पती घरात आणत. राणी शार्लटने १८०० मध्ये विंझर इथे झाड मांडले होते, पण ते दरबारापुरतेच राहिले. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये राणी व्हिक्टोरिया, तिचा पती अल्बर्ट आणि त्यांची मुले झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापून आले आणि मध्यमवर्गाने ते उचलले. ज्याला आज व्हिक्टोरियन शैली म्हणतात ती ही : शेकोटीच्या कट्ट्यावर पाल्याची माळ, खाली मोजे, दोरीवर ओवलेली शुभेच्छापत्रे, गडद लाल मखमल, कागदी साखळ्या. हेन्री कोल यांचे पहिले व्यापारी नाताळकार्ड १८४३ चे; म्हणजे कार्ड आणि झाड हे दोन्ही पाचेक वर्षांच्या अंतराने इंग्रजी घरात रुळू लागले.

अमेरिकेने यात वीज आणि कारखाना आणला. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधील आपल्या घरी लाल, पांढऱ्या व निळ्या ८० दिव्यांचे फिरते झाड उभे केले. विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक इथल्या कारखान्यातून १९५९ पासून ॲल्युमिनियमची चंदेरी झाडे निघाली. धातूच्या झाडावर विजेच्या माळा लावणे धोक्याचे, म्हणून त्यावर खालून रंगीत फिरत्या चकतीचा झोत सोडत. साध्या, सरळ रेषांच्या फर्निचरबरोबर ही झाडे शोभत आणि मध्यशतकी, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याची शैली म्हणून त्यांना आज पुन्हा मागणी आहे.

खिडकीची खोली. स्टॉकहोममध्ये डिसेंबरअखेरीस दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो. त्यामुळे स्कँडिनेव्हियाची सजावट खिडकीत सुरू होते : कागदी तारा आणि सात विजेच्या दिव्यांचा त्रिकोणी दीपस्तंभ. तो जितका घरच्यांसाठी, तितकाच रस्त्याने जाणाऱ्यासाठी. खोलीत रंग कमी आणि साहित्य शेतातले : पेंढ्याचा बोकड, लाल दोरा, पाइनची फळे. फिनलंडमध्ये राय या धान्याच्या काड्या दोऱ्यात ओवून ‘हिम्मेली’ नावाचे भूमितीय झुंबर करतात. माणसाच्या चाहुलीनेही ते हलते. डेन्मार्कमध्ये दोन रंगांच्या कागदी पट्ट्या विणून हृदयाच्या आकाराची टोपली करतात आणि झाडाला टांगतात. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी अशी टोपली १८६० ची आहे आणि ती परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी केलेली आहे. डॅनिश घरात झाड अनेकदा खोलीच्या मध्यभागी आणतात, कारण २४ तारखेच्या रात्री सारे हात धरून त्याभोवती फेर धरतात.

गोठ्याची खोली. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो इथे बैल, गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण मांडून ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला. तिथून ही प्रथा चर्चमधून राजवाड्यांत आणि मग घराघरांत गेली. अठराव्या शतकात नेपल्समध्ये तिला सर्वांत मोठा बहर आला. बुचाच्या डोंगरावर भाजक्या मातीची डोकी आणि खऱ्या रेशमी कपड्यांच्या बाहुल्या मांडत, आणि बेथलेहेमच्या जागी भर बाजारातले नेपल्सच उभे राही. कसाई, फळवाला, खानावळवाला, सगळे त्यात असत. त्या शहरातील सान ग्रेगोरिओ आर्मेनो या गल्लीत आजही वर्षभर गोठ्यांच्या बाहुल्या मिळतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात क्रांतीच्या काळात चर्च बंद झाली आणि गोठा घरी आला; मातीच्या लहान, स्वस्त ‘सांतों’ बाहुल्या तेव्हा लोकप्रिय झाल्या. तिथे ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, तीन बशांत गहू पेरतात आणि उगवलेले हिरवे रोप गोठ्याजवळ ठेवतात. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरही गव्हाची अशी रोपे मांडतात.

धान्य उगवण्याची ही पद्धत आपल्याकडेही आहे. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आणि १५३४ मध्ये वसईत आले. वसईतील त्यांची सत्ता १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी संपवली, पण तोवर गोठा इथल्या घरांचा झाला होता. नाताळच्या साधारण आठ-दहा दिवस आधी पसरट ताटलीत मातीचा थर देऊन त्यावर नाचणी दाट पेरतात आणि हाताने पाणी शिंपडत राहतात. सणापर्यंत बोटभर उंचीची मऊ हिरवळ तयार होते आणि ती गोठ्यासमोरचे शेत होते. डोंगरासाठी तपकिरी कागद चुरगळून किंवा गोणपाट चिखलात बुडवून आकार द्यायचा, छपराला भाताचा पेंढा, तळ्याला आरशाचा तुकडा, वाटेला वाळू. मारिया, योसेफ, मेंढपाळ आणि जनावरे आधी मांडतात. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीच गव्हाणीत ठेवतात. तीन राजे लांबच्या कोपऱ्यातून निघतात आणि ६ जानेवारीला पोहोचतात, असे काही घरांत रोज थोडे थोडे पुढे सरकवतात. मुलांना हे काम सर्वांत आवडते.

ख्रिसमस ट्री म्हणून कोकणपट्टीत सुरूच्या झाडाची फांदी बादलीत वाळू भरून रोवत. तिच्या सुईसारख्या डहाळ्या लोंबत्या असल्यामुळे जड गोळे त्यांवर टिकत नाहीत. कागदी फुले, छोट्या घंटा आणि चमकीच्या झिरमिळ्या मात्र छान दिसतात. कुंडीतले अरोकेरिया हे सूचिपर्णी झाड अधिक ताठ, थराथरांचे, म्हणून शहरातील फ्लॅटमध्ये ते चालते आणि सण संपल्यावर गॅलरीत वाढत राहते. दरवर्षी प्लॅस्टिकचे नवे झाड घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

दारावर किंवा ओट्यावर टांगलेला तारा, ज्याला कोकणीत नखेत्र आणि मुंबईत सरळ ‘स्टार’ म्हणतात, तो बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाचा असतो. दिवाळीचा आकाशकंदील ज्या हातांनी आणि ज्या सामानातून होतो, त्यातूनच हाही. फिलिपिन्समधील ‘पारोल’ या नाताळच्या कंदिलाची घडणही मुळात हीच : बांबू आणि कागद. वांद्र्याच्या हिल रोडवर आणि क्रॉफर्ड मार्केटमध्ये डिसेंबरात तयार तारे ढिगाने मिळतात, पण वसईच्या गावांतून आणि गोव्यात घरी केलेले तारे अजून दिसतात. डिसेंबरात आपल्याकडे अंगणात फुलणारी लाल पानांची पॉइन्सेटिया मूळची मेक्सिकोची. अमेरिकी राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी ती १८२८ च्या सुमारास आपल्या देशात नेली आणि तिथून ती नाताळची वनस्पती म्हणून जगभर गेली.

इकडच्या दिवाणखान्याचा मांडणीचा नियम युरोपपेक्षा वेगळा आहे, आणि त्याचे कारण माणसे. कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गाणारी मंडळी घरोघर येतात, शेजारी कुस्वारची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटे घेऊन येतात, दार दिवसभर उघडे असते. म्हणून खोलीचा मध्य मोकळा ठेवून गोठा कोपऱ्यात, ओटीवर किंवा थेट अंगणात मांडतात. गोव्यात तर गावोगावी गोठ्यांच्या स्पर्धा होतात आणि लोक रात्री ते पाहायला हिंडतात.

उजेड. शैली कोणतीही असो, खोली ऊबदार वाटते ती उजेडामुळे. छतावरचा पांढरा दिवा बंद करून डोळ्यांच्या रेषेखाली पाच-सहा लहान, पिवळसर दिवे ठेवले, तर साधी खोलीही बदलते. एलईडी माळ घेताना खोक्यावर २७०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगछटेच्या मापाच्या) आसपासचा आकडा पाहावा. ६००० केल्विनची माळ दवाखान्यासारखा निळसर उजेड देते. लुकलुकणारी माळ बाहेर शोभते, बैठकीत ती डोळ्यांना शिणवते. झाडावर बर्फ म्हणून कापूस पिंजून लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे. कापूस आणि वाळलेला पेंढा दोन्ही चटकन पेट घेतात, म्हणून गोठ्याजवळ जळती मेणबत्ती ठेवू नये.

उतरवण्याचा दिवस. इंग्रजी घरात ५ किंवा ६ जानेवारीनंतर सजावट ठेवणे अशुभ मानतात. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला, संत क्नूटच्या दिवशी, मुलांना बोलावून झाडावरची मिठाई वाटतात आणि झाड बाहेर काढतात. काही कॅथलिक प्रदेशांत गोठा २ फेब्रुवारीपर्यंत, बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणापर्यंत, राहतो.