फुटल्याशिवाय लसूण नाही

उन्हाळ्यात तासगावला आत्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेची बरणी दिसली. आत सोललेल्या लसणाच्या पाकळ्या, वर बोटभर शेंगदाणा तेल. "महिनाभराची सोय करून ठेवलीय. रोज सकाळी उपाशीपोटी दोन गिळते, बीपीला बरं असतं. तू पण घे की," आत्या म्हणाली. मी नको म्हणालो तर रुसली. म्हणून हा लेख. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या भाच्याचं ताटावर बसून कोण ऐकतं?

एक प्रयोग करून बघा. न सोललेली पाकळी नाकाशी धरा. वास जवळजवळ नाहीच. आता तीच वरवंट्याखाली ठेचा. दहा सेकंदांत डोळ्यांपर्यंत झोंबेल. हा वास पाकळीत लपून बसलेला नव्हता, तो त्या दहा सेकंदांत तयार झाला.

लसणाच्या पेशींत ॲलिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्यात गंधक असतो, पण त्याला वास नसतो. ॲलिनेज नावाचं विकर (शाळेत शिकलेलं आठवा, अभिक्रिया घडवून आणणारं प्रथिन) वेगळ्या कप्प्यात, पेशीच्या रिक्तिकेत कोंडलेलं असतं. मधली भिंत शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. कीड चावली, सुरी फिरली, दाताखाली आलं की भिंत फुटते आणि विकर ॲलिनवर तुटून पडतं. कार्बन-गंधकाचा एक बंध तुटतो. एका बाजूला अखेर पायरुविक आम्ल आणि अमोनिया उरतात, दुसऱ्या बाजूला सल्फेनिक आम्लाचा अतिशय चंचल तुकडा. तो एकटा टिकतच नाही. असे दोन तुकडे एकमेकांना धरतात, पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात आणि होतं ॲलिसिन. त्यात दोन गंधक शेजारी शेजारी असतात आणि त्यातल्या एकाला ऑक्सिजन चिकटलेला असतो. ही जोडी प्रथिनांमधल्या गंधक-हायड्रोजन गटांना जाऊन भिडते. जीवाणूंची विकरं अशीच निकामी होतात. जिभेला झोंबतं तेही ॲलिसिनच. तिथल्या चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहींना मोहरी चिडवते, त्यांनाच हेही चिडवतं. १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ॲलिसिन वेगळं काढलं. मला तर या झाडाचं कौतुकच वाटतं. बंदूक एका खोलीत, गोळ्या दुसऱ्या खोलीत, आणि दार चोरानंच फोडायचं!

आता आत्याच्या दोन पाकळ्या. अख्खी पाकळी गिळली तर ती पोटात आम्लात पडते. ॲलिनेजला इतकं आम्ल सोसत नाही, ते कायमचं निकामी होतं. म्हणजे ॲलिसिन फारसं बनतच नाही. खायचाच तर ठेचून दहा मिनिटं ठेवावा आणि मग खावा. भाजीत घालायचा असला तरी तेच, कारण ठेचल्या ठेचल्या कढईत टाकला तर विकर उष्णतेनं मरतं. बरं, एवढं करून फायदा किती? रक्तदाब जास्त असलेल्यांमध्ये तो थोडा उतरतो असं अनेक चाचण्या सांगतात. थोडाच, गोळी बंद करण्याइतका नाही. कोलेस्टेरॉलचं बोलायचं तर स्टॅनफर्डमध्ये १९२ जणांवर सहा महिने चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. त्यात कच्च्या लसणानंही काही फरक पडला नाही. लसणानं रक्त गोठणं थोडं मंदावतं, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना सांगावं. सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाच्या गळ्यात लसणाची माळ घालतात, तिच्यातल्या अख्ख्या पाकळ्यांचा तर वाससुद्धा नीट येत नाही. आणि ठेचून छातीवर बांधला तर कोवळी कातडी भाजते, फोड येतात.

खरी काळजी बरणीची. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू असतो आणि लसूण मातीतच वाढतो. या जीवाणूचे बीजाणू (त्याची कवचातली निद्रिस्त रूपं) उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, त्यांना १२१ अंश सेल्सिअस लागतं. त्यांना रुजायला काय हवं? ऑक्सिजन नको, ओलावा हवा, आम्ल कमी हवं, ऊब हवी. तेलाखालच्या सोललेल्या पाकळीत हे सगळं आयतं मिळतं. पाकळीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, सामू (आम्लपणाचं माप, म्हणजे पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) सहाच्या आसपास, आणि तासगावचा उन्हाळा तर काय विचारता. लसूण जंतुनाशक आहे ना, मग तोच मारेल की! पण पाकळी अख्खी आहे. ॲलिसिन बनलेलंच नाही. ठेचून घातला तरी तेलात ते थोड्याच तासांत मोडून दुसरे पदार्थ होतात. फोडणी देऊन ठेवली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. तेल कडकडीत तापलं तरी पाकळीच्या पोटात पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या पुढे फारसं जात नाही.

१९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका हॉटेलात तेलातल्या ठेचलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच जीवाणूनं बनवलेल्या विषाची बाधा, झाला. बाटल्या फ्रिजबाहेर होत्या. या विषाला वास नसतो, चवही नसते. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलताना जीभ अडखळते, घास गिळवत नाही, पुढे श्वासाचे स्नायू थांबतात. असं काही दिसलं तर तडक दवाखाना, काढा नको.

"मग आपली वर्षाची चटणी कशी टिकते? तिच्यातही लसूण असतोच की!" आत्यानं बरोबर विचारलं. डंकावर कुटून आणलेल्या कांदा-लसूण चटणीत मिरची, खोबरं सगळं वाळवलेलं-तळलेलं, वर मीठ सढळ हातानं. ओलावा इतका कमी की बीजाणू रुजतच नाहीत. लोणच्याला लिंबाचा रस वाचवतो, सामू ४.६ च्या खाली गेला की या जीवाणूचं काही चालत नाही. (लोणच्यात पाकळ्या हिरव्या-निळ्या पडल्या तर घाबरू नका, तोही गंधकाचाच खेळ आहे.) तेलातला लसूण करायचाच तर थोडा करावा, लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा. अख्ख्या गड्ड्या मात्र फ्रिजमध्ये नकोत, त्या गारव्यानं कोंब फुटतात. कोरड्या, वारा खेळत्या जागी टोपलीत किंवा पातीसकट जुडी बांधून टांगाव्यात.

बरणी शेवटी रिकामी झाली. "पण रोज सोलत बसायला वेळ कुणाला आहे?" यावर मी सांगितलं, सोलून डब्यात घाल आणि फ्रीजरला टाक. पंधरा दिवसांनी फोन. "अरे, कुल्फीला लसणाचा वास येतोय!" पाणी गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशींच्या भिंती फोडल्या होत्या, आणि डब्याचं झाकण आत्यानं नीट लावलं नव्हतं.