गनबस्टरमधला रोबोट सोडा, घड्याळ बघा

मेका ॲनिमेचा, म्हणजे महाकाय रोबोटांच्या जपानी कार्टूनचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, असा रोबोट खरंच बनेल का? नाही बनणार. उंची दहापट केली की वजन हजारपट होतं, पायाचा छेद मात्र शंभरपटच वाढतो, त्यामुळे इमारतीएवढा रोबोट पहिल्याच पावलाला गुडघ्यात मोडेल. विषय संपला. पण 1988 साली आलेल्या, दिग्दर्शक हिदेआकी आन्नोच्या सहा भागांच्या ‘गनबस्टर’मध्ये लोकांना जी सगळ्यात मोठी फेकाफेकी वाटते ना, तीच नेमकी खरी आहे. नोरिकोचं वय!

नोरिको शाळकरी पोरगी, वडील नौदलातल्यासारखे ॲडमिरल, अवकाशातल्या राक्षसांच्या हल्ल्यात गेलेले. ही रोबोट चालवायला शिकते, प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाऊन लढते आणि परत येते तर वर्गातली जिवाभावाची किमिको एका मुलीची आई झालेली, ही मात्र अजून टीनएजरच. यावर ‘वेगामुळे शरीराची झीज थांबते’ असं बरेच जण सांगतात, ते चूक. शरीराचं काहीच होत नाही, अवकाशजहाजात तिची भूक, झोप, घड्याळ सगळं नेहमीसारखंच चालतं. वेळच कमी गेलेली असते.

कशी? जहाजात खाली एक आरसा, वर एक आरसा, मधे प्रकाश वरखाली उड्या मारतोय, एक उडी म्हणजे एक टिक. नोरिकोला तो सरळ उभा जाताना दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला तिरका दिसतो, कारण तो वर पोचेपर्यंत जहाज पुढे सरकलेलं असतं. आता जहाजाचा वेग प्रकाशाच्या 80 टक्के धरा. तिरकी वाट 5, जहाज सरकलं 4, म्हणजे उभी उंची 3, शाळेतला पायथागोरस. आणि प्रकाशाचा वेग दोघांनाही सारखाच दिसतो, ही आइन्स्टाइनच्या 1905 च्या सापेक्षता सिद्धांताची अट, मग बाहेर 5 सेकंद गेले तर आत 3च गेले, दुसरा मार्गच नाही. वेग 99.5 टक्के केला की बाहेर 10 सेकंद गेले तर आत 1च जातो.

कागदावरचं गणित वाटत असेल तर म्यूऑन बघा. वातावरणात वरती अवकाशातून येणारे वैश्विक किरण आदळून हे कण तयार होतात आणि सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत मरतात, तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 660 मीटर जातो. तरीही आत्ता तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक आरपार जातोय. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर तासाला 563 म्यूऑन मोजले, मग 1,900 मीटर खाली समुद्रसपाटीला मोजले. काळ सगळ्यांसाठी सारखा असता तर खाली 27च्या आसपास पोचायला हवे होते, पोचले 412. म्हणजे म्यूऑनची नोरिको झालेली असते. आपल्याकडे उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-3 प्रयोगात हेच म्यूऑन रोज पकडले जातात.

इथे कोणीतरी व्हॉट्सॲपवरचा, पुराणातला रैवत राजा आणणारच, तो रेवतीला घेऊन ब्रह्मलोकात गेला, थोडं गाणं ऐकलं आणि तेवढ्यात खाली 27 चतुर्युगं संपली, म्हणजे सापेक्षता आपल्याकडे आधीच होती वगैरे. गोष्ट झकास आहे, पण त्यात वेगाचा पत्ता नाही, आणि 80 टक्के वेगाला फरक किती पडेल हे त्यातून काढून दाखवा की!

बाकी गनबस्टरवाले भरपूर सूट घेतात हे खरंच. समजा जहाजात सहा महिने आणि पृथ्वीवर दहा वर्षं असा हिशोब हवाय, म्हणजे वीसपट, तर वेग लागेल 99.87 टक्के, आणि तिथवर जायला जहाजाच्या दर किलोमागे निदान 19 किलो वस्तुमान पूर्णच्या पूर्ण ऊर्जेत बदलावं लागेल, तेही अजिबात वाया न घालवता. थांबायला परत वेगळं. यावर मालिकेत जी इंजिनं दाखवलीत ती मात्र शुद्ध कल्पना आहे.