दीर्घकालीन ताण व शरीराची झीज

सतत टिकून राहणारा ताण, अपुरी विश्रांती आणि वर्षानुवर्षांच्या सवयी यांमुळे शरीरावर साचत जाणारा भार. ब्रूस मॅक्यूएन व एलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये त्यासाठी ‘अ‍ॅलोस्टॅटिक भार’ ही संज्ञा वापरली. मुंबईकर त्याला नुसते ‘दगदग’ म्हणतात आणि बहुधा तिथेच सोडून देतात.

संकटप्रसंगी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलीन व कॉर्टिसॉल स्रवतात, नाडी व रक्तदाब वाढतात, यकृतातील साखर रक्तात उतरते. प्रसंग सरला की सारे पूर्ववत होते. ही व्यवस्था मुळात जीव वाचवणारी आहे. मात्र ती रोज चेतवली जाऊन तिला शमायला उसंतच मिळाली नाही, तर रक्तदाब चढा राहू लागतो, पोटाभोवती चरबी साठते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि झोप उथळ होते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते व तेच चक्र पुढे चालू राहते.

सवयींचा दोष केवळ माणसाच्या आळसावर टाकणे अन्यायाचे आहे. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किमी आहे. पहाटे डबा भरून निघणाऱ्या आणि लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकून प्रवास करणाऱ्या माणसाकडे व्यायामाला वेळ उरतोच कुठे? महिलांच्या डब्यात परतीच्या वाटेवर भाजी निवडणाऱ्या बायकांच्या तर विसाव्याचा वेळही स्वयंपाकात जमा होतो. गिरणगावात रातपाळी करून आलेला कामगार भरल्या चाळीत दिवसा झोपे. शरीराच्या जैविक घड्याळाविरुद्ध चालणाऱ्या अशा रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले.

कामाच्या स्वरूपाचा परिणाम लंडनच्या दुमजली बसमध्ये स्पष्ट दिसला. जेरेमी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार अधिक होता.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. भरभर चालणेही या व्यायामात मोजले जाते. त्यामुळे घर ते स्टेशन हे अंतर रिक्षाऐवजी पायी कापले, तरी त्यातला बराच वाटा भरून निघतो. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा दुखत-खुपत नाही, म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही.