जर्मनीत स्वतःच्या हाताने सरपण तोडायचंय? चेनसॉचं प्रमाणपत्र, कागदपत्रं आणि अर्ज

जर्मनीत चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, विकत घ्यायला परवाना लागत नाही. बाऊमार्क्टात, म्हणजे बांधकाम-अवजारांच्या मोठ्या दुकानात, पैसे मोजले की यंत्र तुमचं. नोंदणी नाही, नूतनीकरण नाही. स्वतःच्या बागेतलं वठलेलं सफरचंदाचं झाड कापताना प्रमाणपत्र दाखवा म्हणणारंही कुणी नाही. कागद लागतो तो सरकारी किंवा गावच्या जंगलात जाऊन स्वतः सरपण कापून आणायचं असेल तेव्हा, आणि तो यंत्र चालवणाऱ्याचा असतो. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार साग, खैर, आंबा, फणस अशी झाडं आपल्याच शेतात तोडायलाही परवानगी घ्यावी लागते. करवत कुणाच्या हातात आहे हे तिथे कुणी विचारत नाही. इथे जंगलाच्या वाटेवर पहिला प्रश्न तोच असतो.

२०२२ मध्ये गॅसचे भाव चढले आणि लाकडाच्या शेगडीकडे बरेच लोक वळले. श्टुटगार्ट, कार्ल्सरूहच्या आसपास घर घेतलेली मराठी मंडळीही आता याबद्दल विचारतात. बहुतेक जण आधी यंत्र घेतात आणि मग कोर्स शोधतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी कोर्स करा. दोन दिवस वेगवेगळी यंत्रं हाताळली की आपल्याला केवढं यंत्र झेपतं ते कळतं, आणि कित्येकांना घ्यायचं ठरवलं होतं त्यापेक्षा लहान यंत्र पुरतं.

प्रमाणपत्र कुणाला लागतं

वनखात्याच्या आणि नगरपालिकांच्या बहुतेक जंगलांना पीईएफसी किंवा एफएससी हे शाश्वत वनव्यवस्थापनाचं प्रमाणन असतं. त्यामुळे स्वतः सरपण कापायला येणाऱ्याने चेनसॉचा मान्य कोर्स केलेला असणं ही तिथली अट असते. या कागदाला सगळे ‘मोटोरझेगेनशाइन’ म्हणतात. खासगी जंगलाचा मालक स्वतःपुरतं ठरवू शकतो, पण त्याचं जंगलही प्रमाणित असेल तर तोही मागणारच. चेनसॉ न वापरता पडलेल्या काटक्या-फांद्या वेचायच्या असतील तर कोर्सची गरज नाही. त्यासाठी वनपालाकडून, म्हणजे फ्योर्स्टरकडून, थोडी फी भरून ‘लेझेशाइन’ घ्यावा लागतो. तोही न घेता मोळी बांधून आणू नका.

कोर्स

वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि तब्येत धडधाकट हवी. नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही, पण शिकवणं जर्मनमधून असतं. सूचना ऐकल्या ऐकल्या समजल्या पाहिजेत, कारण झाड पडताना भाषांतराला वेळ नसतो. कोर्स वनखात्याची केंद्रं घेतात, तसेच खासगी प्रशिक्षकही घेतात. साधारण दोन दिवस लागतात. फी ठिकाणानुसार बदलते, पण १५० ते २५० युरो धरून चाला. डीजीयूव्ही या अपघात-विमा संस्थेच्या २१४-०५९ या माहितीपत्रकातल्या ‘मॉड्यूल ए’प्रमाणे शिकवलं, असं प्रमाणपत्रावर लिहिलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. तरीही नाव नोंदवण्याआधी आपल्या भागातल्या वनकार्यालयाला फोन करून दोन गोष्टी विचारा: हा कोर्स तुम्हाला चालतो का, आणि तो फक्त आडव्या लाकडासाठी चालतो की उभं झाड पाडण्यासाठीही? नुसत्या ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं सर्रास विकली जातात. जंगलात ती चालत नाहीत, तेव्हा त्यात पैसे घालवू नका.

या दोन दिवसांत जे शिकवतात ते पुस्तकातून येत नाही. दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका घ्या. त्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेलात की काप मिटतो आणि बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, आत अडकतो. म्हणून आधी वरून, दाबाच्या बाजूने, थोडासा काप घ्यायचा आणि मग खालून, ताणाच्या बाजूने, तोडायचा. वादळात पडलेल्या, वाकून दबलेल्या फांदीत हा ताण इतका असतो की चुकीच्या बाजूने कापली तर ती उसळून माणसाला फेकते. दुसरा धोका बारच्या टोकाचा. टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागला की यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटं तोंडाकडे येतं. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून का घ्यायचा हे तेव्हा कळतं.

अंगावर काय हवं

बहुतेक कोर्सना आणि जंगलात नेहमीच स्वतःचा पोशाख लागतो: जाळी आणि कानझाकणं असलेलं हेल्मेट, हातमोजे, चेनसॉचं चिन्ह असलेले बूट आणि काप-रोधक पँट. पँटवर ईएन आयएसओ ११३९३ (जुन्या पँटवर ईएन ३८१) हे मानक आणि वर्ग १ लिहिलेला बघा. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीपर्यंतची चाचणी. या पँटच्या आत लांब, सैल धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे उपसून निघतात, दातेरी चाकाभोवती गुंडाळले जातात आणि यंत्र जागीच बंद पडतं. म्हणूनच एकदा कापलेली पँट शिवून वापरायची नसते, ती बाद करायची. बॅटरीवरच्या जोरदार यंत्रांना हे धागे तितक्या खात्रीने थांबवत नाहीत, तेव्हा ‘बॅटरीवरचं आहे, काय होतंय’ असं म्हणू नका.

अर्ज

अर्ज आपल्या भागाच्या वनपालाकडे किंवा गावच्या नगरपालिकेत करायचा. बऱ्याच ठिकाणी तो आता ऑनलाइन भरता येतो. त्यात नाव, पत्ता, किती आणि कुठलं लाकूड हवं हे लिहा, कोर्सच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि नियमपत्रकावर सही करा. त्याच गावचे रहिवासी असाल तर अनेक ठिकाणी आधी तुमचा नंबर लागतो. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याच्या काही गावांत अर्जाऐवजी सरपणाचा लिलाव होतो.

मोजमाप आधी समजून घ्या. ‘फेस्टमेटर’ म्हणजे एक घनमीटर भरीव लाकूड. ‘राउममेटर’ म्हणजे एक घनमीटर रचलेला ढीग, मधल्या पोकळीसकट; त्यात लाकूड साधारण ०.७ घनमीटरच असतं. दोन ठिकाणचे भाव पडताळताना इथेच गफलत होते.

मंजुरी मिळाली की रस्त्याकडेला रचलेले लांब ओंडके मिळतात, नाहीतर तोड झालेल्या जागेतला नेमून दिलेला तुकडा. पैसे भरल्याशिवाय हात लावायचा नाही. जाताना पावती आणि प्रमाणपत्र दोन्ही खिशात ठेवा, वनपाल विचारू शकतो. एकट्याने चेनसॉ चालवायला मनाई असते. सोबतचा माणूस हाकेच्या किंवा नजरेच्या टप्प्यात हवा, आणि झाड पाडताना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको. जवळचा ‘रेटुंग्सपुंक्ट’, म्हणजे रुग्णवाहिकेला सांगायचा क्रमांकित ठिकाणा, काम सुरू करण्याआधी बघून ठेवा. अपघातानंतर ११२ ला ‘जंगलात आहे’ एवढं सांगून भागत नाही. साखळीला जैवविघटनशील तेल आणि यंत्राला विशेष अल्किलेट पेट्रोल ही प्रमाणित जंगलाची अट असते. गाडी आखलेल्या वाटेवरूनच न्यायची. रविवारी आणि सुटीच्या दिवशी काम नाही.

यंत्रात बदल

उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या लांबीचा बार आणि त्याला जुळणारी साखळी लावणं, साखळीला धार करणं, हे बिनधास्त करा. धार तर शिकाच: .३२५ इंच मापाच्या (पिचच्या) साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, बहुतेक साखळ्यांना ३० अंशांचा कोन आणि प्रत्येक दात्याला सारखेच हात. दात्यापुढचा खोली-मर्यादक, म्हणजे दाता लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारा उंचवटा, मात्र मापपट्टी ठेवूनच घासा. तो जास्त उतरवला की साखळी लाकूड हिसकते आणि यंत्र उसळण्याचा धोका वाढतो.

सायलेन्सर पोकळ करणं, कार्ब्युरेटरच्या मर्यादा-टोप्या काढणं, साखळीचा ब्रेक निकामी करणं, यांच्या चित्रफिती भरपूर सापडतात. त्यांच्या नादी लागू नका. इंजिनाला युरोपीय उत्सर्जन नियम २०१६/१६२८ खाली मान्यता असते आणि यंत्रावर युरोपीय नियम पाळल्याचं सीई चिन्ह असतं, ते मूळ रचनेला. बदललेल्या यंत्राला ते लागू राहत नाही, हमी जाते आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीला पैसे नाकारायला कारण मिळतं.

घरच्या आवारात

इथे कोर्स लागत नसला तरी पुढचे नियम लागू आहेत. निवासी भागात चेनसॉ रविवारी आणि सुटीला दिवसभर बंद, इतर दिवशी रात्री ८ ते सकाळी ७ बंद. १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात कुंपणाची झुडपं मुळापर्यंत छाटायला मनाई आहे. बागेतली झाडं त्यातून वगळलेली असली, तरी त्यावर घरटं नाही ना हे बघा आणि नगरपालिकेचा वृक्षसंरक्षण नियम वाचा. तो असेल तर ठरावीक घेराच्या वरच्या झाडाला वेगळी परवानगी लागते.

शेगडी नवी बसवत असाल तर धुराडं तपासणाऱ्या शोर्नश्टाइनफेगरची मान्यता आधी घ्या. लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या २५ टक्क्यांखाली आल्याशिवाय जाळायला परवानगी नाही. बीच झाडाचं ताजं कापलेलं लाकूड त्यासाठी फोडून, वारा लागेल असं रचून साधारण दोन वर्षं ठेवावं लागतं. सरपणाची मागणी बहुतेक ठिकाणी शरद ऋतूत नोंदवतात आणि लाकूड हिवाळ्यात मिळतं, म्हणून कोर्सला उन्हाळ्यातच नाव नोंदवा. ऑक्टोबरात जागा मिळणं कठीण होतं.