कॅथ लॅबमधला उघडा गळा

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली बघत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर काम करतात त्या खोलीत, अँजिओप्लास्टी (अरुंद रक्तवाहिनी रुंद करणं) आता रोजचीच झाली आहे. रुग्ण टेबलावर तासभर असतो. त्याच्या शेजारचे डॉक्टर, टेक्निशियन, सिस्टर मात्र वर्षानुवर्षं तिथेच उभे राहतात. एक्स-रे अडवायला अंगात शिशाचा एप्रन सगळे घालतात. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी झाकणारी शिशाची कॉलर? ती टोचते, घाम येतो, मग खुंटीवरच राहते.

एक्स-रेची मुख्य शलाका बहुतेक वेळा टेबलाखालून वर जाते. स्टाफला लागतात ते रुग्णाच्या शरीरातून विखुरलेले किरण. रुग्ण स्थूल असला की मशीन जास्त किरण सोडतं आणि विखुरतातही जास्तच. उलट दोन पावलं मागे सरकलं तरी मारा झपकन उतरतो: अंतर दुप्पट, तर मारा साधारण चौथाई.

थायरॉइड गळ्यात अगदी कातडीलगत असते, वर हाडाचं कवच नाही. तरी घाबरून जायचं कारण नाही. 1986 च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर थायरॉइडचा कॅन्सर वाढला तो मुख्यतः लहान मुलांमध्ये, दुधातून पोटात गेलेल्या किरणोत्सारी आयोडीन-131 मुळे. मोठ्यांची ग्रंथी किरणांना बरीच कमी संवेदनशील असते. शिवाय टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढणं बायकांमध्ये इतकं सर्रास आहे की त्याचं खापर लगेच एक्स-रेवर फोडणं बरोबर नाही.

मला खटकतं ते बॅजचं. आपल्याकडे टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) छातीवर, एप्रनच्या आत लावतात आणि साधारण तीन महिन्यांनी त्याचं रीडिंग येतं. स्टाफसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांचा मारा मोजायचं एकक), कुठल्याही एका वर्षात 30. पण एप्रनखालचा आकडा छातीचा. उघड्या गळ्याचा हिशोब त्यात येत नाही. ‘आपलं रीडिंग तर निल (शून्य) आहे’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

किरणोत्सारापासून बचावासाठी देतात त्या आयोडीनच्या गोळ्या इथे काही कामाच्या नाहीत. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरली, तर किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही, एवढंच त्यांचं काम. एक्स-रे त्यांनी अडत नाहीत. न्यूक्लियर मेडिसिनमध्ये (किरणोत्सारी औषधांनी तपासणी-उपचार करतात त्या विभागात) आयोडीन-131 हाताळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्याची वाफ श्वासातून आत जाऊ शकते, म्हणून तिथे गळ्याजवळ यंत्र धरून मोजणी करतात.

कॉलर घडी करून कपाटात कोंबली की आतल्या थराला भेगा पडतात आणि वरच्या कापडावर काहीच दिसत नाही. वर्षातून एकदा ती फ्लुरोस्कोपीखाली (स्क्रीनवर चालू दिसणाऱ्या एक्स-रेखाली) धरली की भेग स्क्रीनवर लगेच कळते.